सभासदांची यादी कोणाची?



संस्थांकडून सभासदांना येणारे यंत्रचालित फोन, त्यामागची संमती आणि सभासदांचा खासगीपणा, हा आजचा विषय पत्रिकेवर जरा रुक्ष दिसतो याची मला कल्पना आहे. फोनच्या उपद्रवाबद्दल बोलायचे तर कर्ज देऊ करणारे, विमा विकणारे आणि ओटीपी विचारणारे भामटे हाताशी आहेतच. पण त्यांच्यावर टीका करणे फार सोपे आहे, कारण त्यांची बाजू घ्यायला या सभागृहात कोणी उभे राहणार नाही. मला बोलायचे आहे ते आपल्यापैकी अनेकांनी ज्यांची कार्यकारिणी सांभाळली आहे अशा संस्थांबद्दल: गृहनिर्माण सोसायटी, पतसंस्था, ग्रंथालय, जिमखाना, ज्ञातिसंस्था, माजी विद्यार्थी संघ, कामगार संघटना, महाराष्ट्र मंडळ आणि अर्थातच राजकीय पक्ष. या सगळ्यांकडे सभासदांच्या नावांची आणि नंबरांची यादी असते. आता त्या यादीला यंत्र जोडता येते. एक्सेलची फाइल एखाद्या कंपनीच्या हवाली करायची, अध्यक्षांच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा निरोप ध्वनिमुद्रित करायचा, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत हजारो फोन वाजून झालेले असतात. वार्षिक सभा, वर्गणीची थकबाकी, रक्तदान शिबिर, दिवाळीच्या शुभेच्छा, निवडणुकीतले पॅनेल, सगळे त्याच नळीतून जाते. माझे म्हणणे असे की सभासद होणे ही अशा फोनांना दिलेली संमती ठरत नाही. सभासदाने आपला नंबर एका ठरावीक कामासाठी संस्थेकडे सोपवलेला असतो. त्यापलीकडचा वापर त्याला विचारूनच व्हायला हवा, आणि हे विचारण्याचे कर्तव्य कायद्याने डोळे वटारण्याची वाट न पाहता संस्थेने स्वतःच्या पोटनियमांत घालून घ्यायला हवे.

पहिला प्रश्न साहजिक आहे. चिटणीस पूर्वीही फोन करीतच, मग यंत्राने केला तर काय बिघडले? बिघडले ते असे. चिटणिसाने वही घेऊन दोनशे सभासदांना फोन लावायचे म्हटले तर दोन संध्याकाळी जात. त्यामुळे कोणत्या कामासाठी फोन करायचा आणि कोणत्या कामासाठी सूचनाफलक पुरेसा आहे, याचा निवाडा आपोआप होई. आजारी माणसाला उगीच त्रास नको, अमक्यांच्या घरी नुकतेच दुःख झाले आहे, तमक्यांना दुपारी झोपायची सवय आहे, हे सगळे त्या वहीवर पेन्सिलीने न लिहिताही चिटणिसाला ठाऊक असे. खर्चाचीही एक शिस्त होती. मोबाइल आल्यावर तर सुरुवातीची काही वर्षे येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. ती पद्धत २००३ मध्ये थांबली तोवर विनाकारण फोन करणे हा समोरच्याच्या खिशात हात घालण्याचा प्रकार होता आणि लोक तो तसाच समजत. सभासदाच्या खासगीपणाचे रक्षण त्या काळी कोणत्याही नियमाने केले नाही. ते केले श्रमाने, खर्चाने आणि ओळखीने. यंत्राने हे तिन्ही बांध एकदम काढून टाकले. बोलणाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. ऐकणाऱ्याचा मात्र होता तेवढाच राहिला, कारण हातातले काम टाकून फोन उचलायला त्याला लागणारा वेळ काही कमी झालेला नाही. बांध आपोआप गेले असतील तर ते जाणूनबुजून पुन्हा घालावे लागतात. संमती हा त्यातला सगळ्यांत साधा बांध आहे.

आता कायदा याबाबतीत कुठे उभा आहे ते पाहू, कारण ‘कायद्यात कुठे लिहिले आहे’ हा कार्यकारिणीच्या बैठकीतला आवडता प्रश्न असतो. भारतात नकोशा फोनांवर पहिले मोठे नियमन दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००७ मध्ये केले आणि ‘फोन नको’ म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही उघडली. २०१० च्या नियमांनी ती व्यवस्था बदलली, टेलिमार्केटरांना १४० ने सुरू होणारे नंबर आले आणि रात्री नऊ ते सकाळी नऊ या वेळात प्रचारी फोनांना मनाई झाली. २०१८ च्या नियमांनी तर संमतीचीच डिजिटल नोंद ठेवण्याची व्यवस्था आणली आणि स्वयंचलित डायलर वापरणाऱ्याने आपल्या दूरसंचार कंपनीला आधी कळवावे असे सांगितले. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने ती आणखी आवळली. एखाद्या चालू व्यवहारासाठी दिलेली संमती सात दिवसांपुरतीच धरायची, आणि ग्राहकाने नकार दिल्यावर नव्वद दिवस त्याच्याकडे पुन्हा संमती मागायला जायचे नाही, असे त्यात आहे. हे नियम बरेच विचारपूर्वक केलेले आहेत. पण त्यांचा सगळा रोख व्यापारी संपर्कावर आहे. वस्तू किंवा सेवा विकण्यासाठी केलेला फोन त्यांच्या कक्षेत येतो. मंडळाने सभासदाला सभेला बोलावण्यासाठी किंवा पक्षाने मतदाराला आपले विचार ऐकवण्यासाठी केलेला फोन त्या चौकटीत नीट बसत नाही. परिणाम चमत्कारिक आहे. बँकेला स्वतःच्या खातेदाराला जाहिरातीचा फोन करण्यापूर्वी जेवढे सोपस्कार करावे लागतात, त्याच्या दशांशही आपल्या ज्ञातिसंस्थेला करावे लागत नाहीत.

ना-नफा संस्था किंवा राजकीय पक्ष काही विकत नाहीत, म्हणून त्यांना मोकळीक असावी, हा युक्तिवाद आपल्याकडे गृहीत धरला जातो. ब्रिटनमध्ये तो न्यायाधिकरणापुढे तपासला गेला आणि टिकला नाही. तिथे २००३ च्या नियमांनुसार ध्वनिमुद्रित संदेशाचा स्वयंचलित फोन प्रचारासाठी करायचा असेल तर त्या माणसाची पूर्वसंमती लागते. २००५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीने शॉन कॉनरी या नटाच्या आवाजातला संदेश मतदारांच्या घरी फोनवरून ऐकवला. माहिती आयुक्तांनी पक्षाला नोटीस बजावली. पक्षाचे म्हणणे असे, की नियम आहे तो मार्केटिंगला, आणि मार्केटिंग म्हणजे माल खपवणे. आम्ही लोकशाहीतले विचार मांडतो. २००६ मध्ये न्यायाधिकरणाने हे अपील फेटाळले. एखाद्या संस्थेने आपल्या ध्येयधोरणांचा प्रसार करणे हेही नियमाच्या दृष्टीने मार्केटिंगच, असा त्याचा अर्थ झाला. पुढची गंमत अशी की २००८ मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाने नेते निक क्लेग यांच्या आवाजात सुमारे अडीच लाख घरांना असेच फोन केले, तेव्हा तक्रार घेऊन गेला तो स्कॉटिश नॅशनल पक्षच, आणि आयुक्तांनी तेही फोन थांबवायला लावले. ज्याच्या घरी फोन वाजतो त्याच्या दृष्टीने साबण आणि सिद्धान्त यांत फरक नाही, हे त्या पक्षाला स्वतःच्या अनुभवातून उमगले असावे.

अमेरिकेतला कायदा १९९१ चा आहे, आणि त्याचा आपल्याशी थेट संबंधही आहे. तिथल्या महाराष्ट्र मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करते, आणि त्याखालची गावोगावची मंडळे ना-नफा तत्त्वावर चालतात. या मंडळांना घरातल्या जुन्या धर्तीच्या फोनवर ध्वनिमुद्रित निरोप पाठवताना काही सवलत मिळते, तरी तिथेही महिन्याला तीनच कॉल अशी मर्यादा आता आहे. सभासदाच्या मोबाइलवर असा फोन करायचा तर मात्र त्याची आधी संमती हवी. ना-नफा असण्याचा तिथे उपयोग नाही. नियम मोडल्यास फोनमागे पाचशे डॉलर मागण्याचा हक्क त्या सभासदाला आहे, आणि जाणूनबुजून मोडला तर ती रक्कम तिप्पट होऊ शकते. म्हणजे गणेशोत्सवाच्या वर्गणीची आठवण करून देणारा एकच यंत्रचालित फोन न्यू जर्सीत संमतीचा प्रश्न होतो आणि ठाण्यात कोणाच्या गावीही नसतो. भाषणस्वातंत्र्याच्या आधारावर ही बंदी उलथवण्याचा प्रयत्नही झाला. राजकीय सल्लागारांच्या संघटनेने नेलेल्या त्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. सरकारी कर्जाच्या वसुलीसाठी कायद्यात घातलेली सवलत न्यायालयाने काढून टाकली आणि बंदी जशीच्या तशी ठेवली. सल्लागार स्वतःसाठी दार उघडायला गेले आणि सरकारसाठी उघडे असलेले दारही बंद करून आले. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांच्या नकली आवाजात ‘प्राथमिक निवडणुकीत मतदान करू नका’ असे सांगणारे फोन गेले. पुढच्याच महिन्यात तिथल्या दूरसंचार आयोगाने कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेला आवाजही याच कायद्याखालचा ‘कृत्रिम आवाज’ आहे असे जाहीर केले. आपल्या सोसायटीच्या अध्यक्षांचा आवाज नकली करण्यात आज कोणाला रस नसेल. पण ज्या दिवशी सोसायटीची पुनर्विकासाची सभा असेल त्या दिवशी असेलच.

भारतात आता एक दुसरा कायदा उभा राहिला आहे आणि तो व्यापारी व बिगरव्यापारी असा भेद करीत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत आहे. या कायद्यातल्या ‘व्यक्ती’ या संज्ञेत व्यक्तींचा समूह येतो, मग तो नोंदलेला असो वा नसो. म्हणजे सोसायटी येते, पतसंस्था येते आणि नोंदणी न झालेले गल्लीतले मंडळही येते. कोणा एका माणसाने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी ठेवलेली माहिती तेवढी वगळली आहे. मंडळाच्या चिटणिसाने मंडळासाठी ठेवलेली यादी त्या सवलतीत बसवणे अवघड आहे. कायद्याने मागितलेली संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी लागते, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे लागते.

मात्र माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत बळकट आक्षेप याच कायद्यातून निघतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. कलम ७ सांगते की माणसाने एखाद्या ठरावीक हेतूसाठी स्वतःहून माहिती दिली असेल आणि त्या वापराला नकार दर्शवला नसेल, तर त्या हेतूसाठी वेगळी संमती लागत नाही. मग एखादा चतुर पदाधिकारी म्हणेल, ‘सभासदाने अर्जावर नंबर स्वतःच्या हाताने लिहिला आहे, नको असे कधी म्हणाला नाही, आम्ही मोकळे.’ हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. अर्जावर नंबर लिहिणाऱ्याचा हेतू संस्थेने आपल्याशी सभासद म्हणून संपर्क साधावा हाच असतो, आणि सभेची नोटीस किंवा पाणी बंद असल्याची सूचना त्या हेतूत नक्की बसते. कलमाचा सगळा भार मात्र ‘ठरावीक’ या विशेषणावर आहे. ग्रंथालयाच्या सभासदाने पुस्तक परत करण्याची आठवण यावी म्हणून दिलेला नंबर, त्याच ग्रंथालयाच्या विश्वस्तांनी नगरसेवकपदाची निवडणूक लढवताना वापरला तर तो हेतू राहिला कुठे? माजी विद्यार्थी संघाने मेळाव्यासाठी जमवलेली यादी एखाद्या बांधकाम व्यावसायिकाच्या ‘खास आपल्या सभासदांसाठी’ योजनेला दिली तर? कलम ७ ची वाट हेतूच्या सीमेपर्यंतच जाते. ती सीमा आखायची कोणी, याचे उत्तर आज पदाधिकारी ‘आम्ही’ असे देतात, आणि खरी अडचण तिथे आहे.

हेतूची सीमा एवढी महत्त्वाची का, हे कळायला यादीत नेमके काय असते ते पाहावे लागेल. आपण समजतो की यादीत नाव आणि नंबर आहेत. पण यादीचा मथळाच सर्वांत बोलका असतो. ज्ञातिसंस्थेची यादी जात सांगते, कामगार संघटनेची यादी मालकाशी असलेले नाते सांगते, रुग्णांच्या आधारगटाची यादी आजार सांगते. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेकडे सभासदांची यादी मागितली. संस्थेने ती दिली नाही आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक लाख डॉलरचा दंड ओढवून घेतला. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संस्थेच्या बाजूने निकाल दिला: यादी उघड झाली तर लोक संस्थेत यायलाच घाबरतील, म्हणून यादीची गोपनीयता हा संघटनस्वातंत्र्याचाच भाग आहे. आपल्या राज्यघटनेने अनुच्छेद १९ मध्ये संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. या दोन हक्कांची गाठ सभासदांच्या यादीत पडते.

आणि इथे यंत्राचा एक दोष माणसापेक्षा फार वेगळा ठरतो. माणूस फोन करतो तेव्हा आधी ‘कोण बोलतंय?’ असे विचारतो, आणि फोन भलत्याने उचलला असेल तर ‘नंतर करतो’ म्हणून ठेवून देतो. ध्वनिमुद्रित आवाज फोन उचलला गेल्याबरोबर बोलू लागतो. १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या चळवळीने अनामिकता नावातच ठेवली. अशा कोणत्याही गटाच्या बैठकीची आठवण करून देणारा यंत्राचा फोन सभासदाच्या मेव्हण्याने किंवा कार्यालयातल्या सहकाऱ्याने उचलला, तर वर्षानुवर्षे जपलेली गोष्ट अर्ध्या मिनिटात फुटते. बचत गटांच्या बाबतीत तर हे जास्तच खरे आहे, कारण गटातल्या अनेक बायकांनी दिलेला नंबर घरातल्या पुरुषाचा असतो. त्यांतल्या एखादीने काढलेल्या कर्जाचा हप्ता थकला आहे हे यंत्र कोणाला सांगत आहे, हे यंत्राला कळत नाही, आणि यंत्र लावणाऱ्याने तो विचार केलेला नसतो.

यादीचा दुसरा गुण म्हणजे ती सत्ता देते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ ने सभासदाला सभासद नोंदवही कार्यालयीन वेळेत पाहण्याचा हक्क दिला आहे. १९६१ च्या नियमांनी ठरवलेली ही नोंदवही, जिला आपण ‘आय’ नमुना म्हणतो, नावपत्ता, शेअर आणि सभासदत्वाची तारीख यांच्यासाठी आहे. मोबाइल नंबर आणि व्हॉट्सॲप गट पुढे कार्यालयाच्या सोयीने जमत गेले, आणि ते राहतात सत्तेवर असलेल्या कार्यकारिणीच्या हातात. निवडणूक लागली की जुन्या पॅनेलचा आवाज प्रत्येक सभासदाच्या कानात पोचतो, आणि नव्या पॅनेलला नोंदवही पाहून पत्ते उतरवत जिने चढावे लागतात. माहितीचा अधिकार इथे फारसा कामाला येत नाही. सरकारी नियंत्रण नसलेली सहकारी संस्था ही त्या कायद्यातले सार्वजनिक प्राधिकरण नव्हे, असा निर्णय केरळमधील थलप्पलम बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला आहे. कोणी म्हणेल, मग नंबर दोन्ही पॅनेलना द्या, न्याय झाला. मला हा उपाय रोगापेक्षा वाईट वाटतो, कारण तो एकाच्या जागी दोघांना सभासदाच्या घरात घुसवतो. न्याय करायचा तर कार्यालयाने नंबर कोणालाच न देता प्रत्येक पॅनेलचा निरोप सारख्याच वेळा, सारख्याच लांबीचा, आणि ज्यांनी असे निरोप चालतील म्हटले आहे त्यांनाच पाठवावा. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली हे करता येण्यासारखे आहे, आणि याला तंत्रज्ञानही आज आहे तेच पुरते.

राजकीय पक्षांनी संमतीची एक खास भारतीय रीत काढली, तिचाही उल्लेख करायला हवा. ती म्हणजे मिस्ड कॉल. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात पाठिंबा दर्शवण्यासाठी मिस्ड कॉल मागवले गेले. नोव्हेंबर २०१४ पासून भारतीय जनता पक्षाने मिस्ड कॉलवर सभासद नोंदणी केली आणि पुढच्या वर्षी जगातला सर्वांत मोठा पक्ष असल्याचा दावा केला. ही रीत हुशारीची आहे, स्वस्त आहे आणि लिहिता न येणाऱ्यालाही जमते. पण मिस्ड कॉल देणाऱ्याने नेमके कशाला होकार दिला? एका मागणीला पाठिंबा, पक्षाचे सभासदत्व, की पुढच्या प्रत्येक निवडणुकीत वाजणारे फोन? नंबर तेवढा नोंदला जातो. होकाराचा आशय कुठेच नोंदला जात नाही. निवडणूक आयोग प्रचाराच्या बल्क एसएमएसना आणि ध्वनिसंदेशांना पूर्वप्रमाणन लावतो, परंतु ते मजकुराचे असते. नंबर कुठून मिळाला हा प्रश्न त्यात येत नाही.

आता राहिलेले आक्षेप. ‘आपत्तीच्या वेळी संमती विचारत बसायचे का?’ बसायचे नाही. पण आपत्तीसाठी यादी लागतेच असे नाही. २०२३ मध्ये सरकारने देशभर सेल ब्रॉडकास्टच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा अनेकांचे मोबाइल एकाच वेळी कर्कश वाजले होते. त्या पद्धतीत टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनांवर संदेश जातो. कोणाचाही नंबर माहीत असावा लागत नाही. सोसायटीच्या पातळीवर आग लागली किंवा टाकीत दूषित पाणी आले तर जरूर फोन करा, जिवाच्या धोक्याला अपवाद असावाच. मात्र अपवादाच्या दारातून वाढदिवसाच्या शुभेच्छा आत आणू नयेत. ‘नको असेल तर फोन ठेवून द्या, एवढे काय?’ हा आक्षेप फोन करणाऱ्याच्या जागेवरून केलेला आहे. आठ संस्थांचा सभासद असलेल्या माणसाला आठही जण असेच सांगतात, आणि प्रत्येकाला आपला निरोप किरकोळ वाटतो. टपालाने येणाऱ्या नकोशा मजकुराबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच ठरवले की पाठवणाऱ्याला बोलण्याचा हक्क आहे, पण तो नको म्हणणाऱ्याच्या टपालपेटीपाशी थांबतो.

सर्वांत विचार करायला लावणारा आक्षेप मात्र वेगळाच आहे: ध्वनिमुद्रित फोन हा वाचता न येणाऱ्यांचा, वृद्धांचा आणि दृष्टिहीनांचा आधार आहे, आणि संमतीच्या अटी घातल्या तर त्यांचेच नुकसान होईल. पहिला भाग पूर्ण खरा आहे. गरोदर आणि बाळंत स्त्रियांना दर आठवड्याला आरोग्याची माहिती देणारी ‘किलकारी’ ही केंद्र सरकारची सेवा २०१६ पासून चालते आणि तिची उपयुक्तता कोणी नाकारणार नाही. त्यात आरोग्य खात्याच्या नोंदवहीतले नंबर थेट यंत्राला दिले जातात. त्याच क्षेत्रात मुंबईच्या ‘आरमान’ या संस्थेने ‘एममित्र’ नावाची सेवा उभी केली, आणि तिथे स्त्रीची नोंद माणसाने तिच्याशी बोलून होते. तिला कोणत्या भाषेत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी फोन चालेल हे विचारले जाते. संमतीने सेवा आटते हे गृहीतक या उदाहरणापुढे टिकत नाही. वेळ विचारल्याने उलट फोन योग्य माणसाने उचलण्याची शक्यता वाढते, कारण दुपारी तीनला मोबाइल तिच्या हातात असतो आणि रात्री आठला नवऱ्याच्या, हे तिच्याशिवाय कोणाला माहीत असणार? ज्यांना फोनची सर्वांत जास्त गरज आहे त्यांना विचारण्याचे श्रम वाचवणे ही त्यांची सेवा नव्हे.

‘आम्ही स्वयंसेवक आहोत, रात्री दुकान बंद करून संस्थेचे काम करतो, आमच्या मागे कायद्याचा ससेमिरा कशाला?’ या तक्रारीबद्दल मला सहानुभूती आहे. पण मागणी मोठी नाही. सभासदत्वाच्या अर्जावर एका रकान्याऐवजी तीन रकाने छापायचे: सभा आणि सेवेच्या सूचना, वर्गणी व देणगीची विनंती, आणि निवडणूक वा अन्य प्रचार, प्रत्येकापुढे माणसाने केलेला फोन चालेल का, यंत्राने केलेला चालेल का, आणि कोणत्या वेळी, याची खूण करायची जागा. खूण नसेल तर यंत्राचा फोन नाही, आणि पहिला रकाना सोडल्यास माणसाचाही नाही. यंत्राने पहिल्या वाक्यात संस्थेचे नाव सांगावे, निरोपाचा आशय सांगू नये, आणि फोन उचलणारा माणूसच सभासद आहे याची खात्री एक आकडा दाबून झाल्यावर पुढे बोलावे. एक आकडा कायमचा बंद करण्यासाठी असावा. फोन लावणाऱ्या कंपनीशी लेखी करार असावा. नवा कायदा तो मागतोच. काम झाले की तिच्याकडची यादी पुसली गेली याचे पत्र घ्यावे आणि ते इतिवृत्ताला जोडावे. हेतू बदलायचा असेल तर कार्यकारिणीने ठराव करून भागणार नाही. विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर यावा, आणि सभेने बहुमताने मान्य केला तरी तो जुन्या नकारांना ओलांडू शकणार नाही. बहुमताला इमारतीचा रंग ठरवता येतो, माझा फोन कोणी वाजवावा हे ठरवता येत नाही.

उरतात आधीच जमलेल्या याद्या. तिथे एक अडचण बहुतेक संस्थांच्या लक्षात येत नाही. बंद झालेला मोबाइल नंबर काही काळाने, किमान नव्वद दिवसांनंतर, दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. निवर्तलेल्या, राजीनामा दिलेल्या, गाव सोडलेल्या सभासदांचे नंबर दहा-दहा वर्षे यादीत पडून असतात, आणि यंत्र ते इमानेइतबारे लावत राहते. त्या फोनच्या पलीकडे आता असा कोणी माणूस असतो ज्याने या संस्थेचे नावही ऐकलेले नाही, आणि तरी त्याला एका मृत सभासदाच्या नावाने थकबाकी सांगितली जाते. अमेरिकेत अशा बदललेल्या नंबरांची एक अधिकृत नोंद २०२१ पासून आहे, ती तपासून मगच फोन लावता येतो. आपल्याकडे संस्थेला हे काम हातानेच करावे लागेल. म्हणून माझी सूचना अशी, की पुढच्या वार्षिक सभेच्या नोटिशीबरोबर प्रत्येक सभासदाला त्याच्या नोंदीचा उतारा आणि तो तीन रकान्यांचा कागद टपालाने किंवा हातोहात द्यावा, सहा महिने थांबावे, आणि ज्यांचे उत्तर आले नाही त्यांचे नंबर यंत्राच्या यादीतून काढून फक्त कार्यालयाच्या वहीत ठेवावेत, म्हणजे गरज पडली तर चिटणीस स्वतः फोन लावील आणि आधी विचारील, आपण कोण बोलताय.